हातोडी, पेन्सिल आणि दहा रुपयांची काच

मोबाइलच्या दुकानातला हातोडीचा प्रयोग तुम्ही पाहिला असेल. विक्रेता काउंटरवर एक टेम्पर्ड ग्लास सपाट ठेवतो आणि हातोडी उचलून ठक्कन मारतो. काच शाबूत. मग कटर काढून काचेवर कर्रकन ओढतो. ओरखडा नाही. गिऱ्हाईक लगेच नोट पुढे करतं. या प्रयोगात हातचलाखी अजिबात नसते. काचही तीच असते, घावही खरा असतो. तरी त्यातून काचेच्या गुणाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही, आणि ही गोष्ट धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

माझी बरीच वर्षं मोबाइल अ‍ॅक्सेसरीजच्या घाऊक धंद्यात, माल तपासण्यात गेली. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्या, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचं मनीष मार्केट आणि लॅमिंग्टन रोड हा माझा रोजचा मुलूख. कव्हर, केबल, चार्जर सगळं हाताखालून गेलं, पण जीव गुंतला तो या पातळ काचेत. घाऊक बाजारात दहा-पंधरा रुपयांना मिळणारी ही वस्तू ज्याच्या फोनवर बसते, त्याचा तो फोन अनेकदा हप्त्यांवर घेतलेला असतो आणि त्याची रोजची कमाई त्याच फोनवर चालते. स्वस्त काच नीट पारखणं मला म्हणूनच मोठं काम वाटतं.

आधी हातोडीचं गुपित. काच दाबाला पक्की आणि ताणाला कच्ची. टणक काउंटरवर ती पूर्ण टेकलेली असली की वरचा घाव तिला फक्त दाबतो. खाली वाकायला जागा नसते, म्हणून ताण येत नाही. हातातून निसटलेला फोन मात्र कोपऱ्यावर पडतो, खाली एखादी खडी असते, सगळा मार एका टोकावर बसतो आणि काच तिथून वाकते.

कटरची गोष्ट त्याहून सोपी. फ्रीड्रिश मोहस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये दहा खनिजांची कठीणपणाची उतरंड लावली. तळाला शंखजिरे, माथ्यावर हिरा. कटरचं पोलाद त्या उतरंडीवर साडेपाच-सहाच्या घरात येतं, आणि काचही तिथेच. कटरने खिडकीच्या साध्या काचेवरसुद्धा सहसा ओरखडा उठत नाही. किल्लीचं पितळ तर आणखी मऊ, तीनच्या आसपास.

मनीष मार्केटमधल्या एका जुन्या दुकानदाराला मी एकदा म्हटलं, “शेठ, हीच काच दोन काडेपेट्यांवर आडवी ठेवा आणि मग मारा.” त्यांनी हातोडी खाली ठेवली, चहा मागवला आणि म्हणाले, “तो प्रयोग दुकान बंद झाल्यावर.” शटर खाली आल्यावर त्यांनी तो खरंच केला. निरनिराळ्या पाच-सहा मालांचा एकेक पीस काडेपेट्यांवर ठेवून, हातोडी न उगारता नुसतं तिचं डोकं हलकेच टेकवून दाबत गेले. काही काचा लगेच गेल्या. दोन काचा धनुष्यासारख्या वाकून परत सरळ झाल्या. त्यांतली एक त्यांच्या दुकानातली सगळ्यात स्वस्त होती. “आता कळलं मी घरच्यांच्या फोनला कुठली लावतो?” असं त्यांनी विचारलं, आणि वाकलेल्या त्या दोन्ही काचा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या.

दुसरा किस्सा पेन्सिलीचा. एके दुपारी एक निवृत्त गृहस्थ नातवाच्या फोनला काच बसवून घ्यायला आमच्याकडे आले. पाकिटावर सोनेरी अक्षरांत ‘९एच’ छापलेलं पाहून थबकले. “हा आमच्या रंगाचा आकडा. तो काचेवर कसा आला?” त्यांची सारी नोकरी रंगाच्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात गेली होती. त्यांनी बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर चित्र काढून मला चाचणी समजावली. रंग दिलेला पत्रा घ्यायचा. पेन्सिलीचं शिसं सँडपेपरवर घासून टोक सपाट करायचं. पेन्सिल ४५ अंशांत धरायची, तिच्यावर ७५० ग्रॅमचा भार द्यायचा आणि रंगावरून पुढे ढकलायची. मऊ ९बीपासून कठीण ९एचपर्यंत एकेक पेन्सिल लावत जायचं. ज्या सर्वांत कठीण पेन्सिलीने रंगाचा पापुद्रा खरवडला जात नाही, तो त्या रंगाचा दर्जा. या चाचणीला आयएसओ १५१८४ असं आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

आता पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि माती. कितीही कठीण केलं तरी ते काचेहून मऊच राहतं. म्हणजे जगातली कुठलीही धड काच ९एच उत्तीर्ण होते, घरातला पाण्याचा पेलासुद्धा. गिऱ्हाईक मात्र तो नऊ मोहसच्या उतरंडीवरचा नऊ समजतं. तिथे नवव्या पायरीवर कुरुंद आहे, म्हणजे माणिक आणि नीलम, हिऱ्याच्या लगेच खाली. ते आजोबा अस्वस्थ झाले होते. पैशांचा प्रश्नच नव्हता. आयुष्यभर ज्या चाचणीवर सही केली, तिचं नाव असं वापरलेलं त्यांना पाहवलं नाही. मला त्यांचं ते अस्वस्थ होणं फार आवडलं.

पेन्सिल निरुपयोगी आहे असं मात्र नाही. ‘सिरॅमिक’ नावाने ज्या लवचीक, न फुटणाऱ्या फिल्म विकतात त्या प्रत्यक्षात प्लॅस्टिकच्या असतात. त्यांच्या पृष्ठभागावर कठीण पेन्सिल चालवली की बऱ्याचदा रेघ उमटते. काच की प्लॅस्टिक, एवढं ओळखायला पेन्सिल उत्तम.

काचेचा खरा वैरी वाळू. वाळूतली गारगोटी मोहसच्या सातव्या पायरीवर आहे, काचेच्या वर. एकाच लॉटची काच बँकेतल्या कॅशियरच्या फोनवर महिनोन्महिने स्वच्छ राहते आणि बांधकामावरच्या मुकादमाच्या फोनवर आठवड्यात रेघांनी भरते. त्यात काचेचा दोष नसतो. आपल्याकडे हल्ली नदीच्या वाळूऐवजी काळा दगड दळून केलेली वाळू वापरतात. त्या दगडातलं फेल्डस्पारही सहाव्या पायरीवरचं, म्हणजे काचेशी बरोबरी करणारं. मुकादम तक्रार घेऊन आला तर त्याला महागडी काच गळ्यात मारायची नाही, असा आमच्याकडे दंडक होता. त्याला सांगायचं, “दादा, फोन खिशात ठेवण्याआधी खिसा झाडत जा, आणि ही स्वस्तातलीच काच जास्त वेळा बदला.”

आता खोक्यांबद्दल. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही, पण काच आणि तिचं खोकं अनेकदा वेगवेगळ्या वाटेने बाजारात येतं. काचा गठ्ठ्यांनी येतात, रिकामी खोकी निराळी. एका गोदामात मी स्वतः पाहिलं आहे: एका लांब टेबलावर काचांचा एकच ढीग आणि भोवती तीन तऱ्हेची खोकी. साधी प्लॅस्टिकची पिशवी, लाल पुठ्ठ्याचं खोकं आणि काळी पत्र्याची डबी. मुलं ढिगातून काच उचलत होती, ओला आणि कोरडा पुसणा टाकत होती आणि समोर येईल त्या खोक्यात भरत होती. दुकानात त्याच काचा तीन वेगळ्या किमतींना गेल्या असणार. तिथून निघताना मी ठरवलं की आपल्याला घ्यायची ती साध्या पिशवीतली, आणि तीही खोलून.

खोक्यावरच्या ‘डी’ची चढाओढही अशीच. २.५डी म्हणजे काचेची कड घासून गोलसर केलेली. ३डी म्हणजे काच तापवून कडेला वळवलेली. या दोहोंना अर्थ आहे. त्यापुढचे ५डी, ९डी, ११डी, २१डी हे नुसते वाढते आकडे.

मग काच चांगली की वाईट हे ठरतं कुठे? ते ठरतं एका कढईत. एवढ्या पातळ काचेला गरम करून, वाऱ्याने झटक्यात थंड करून मजबूत करता येत नाही. तिला सुमारे ४०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटच्या मिठात काही तास बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन शिरतात. गर्दीच्या लोकलमध्ये सडपातळ माणूस उतरून त्याच्या जागेत धिप्पाड माणूस शिरावा तसा पृष्ठभाग ठासून दाबला जातो. काच वाकली तरी आधी हा साठवलेला दाब संपतो आणि मगच ताण सुरू होतो. अ‍ॅल्युमिनोसिलिकेट काचेत हा दाबाचा थर चांगला खोल जातो, साध्या सोडा-चुन्याच्या काचेत उथळ राहतो.

एकाच कारखान्याचा, एकाच खोक्यातला माल कधी उत्तम तर कधी टाकाऊ का येतो, याचं एक उत्तर याच कढईत आहे. वापरून वापरून त्या मिठात काचेतलं सोडियम साचत जातं आणि ते मीठ निकामी होत जातं. वेळेवर न बदललेल्या मिठातून निघालेली काच दिसायला तशीच, पण आतून दुबळी. बुडवून ठेवण्याची वेळ कमी केली तरी तेच. आम्ही त्यामुळे नावावर कधी माल घेतला नाही. प्रत्येक लॉट नवा समजून तपासला.

ती तपासणी कशी व्हायची ते सांगतो. लॉटमधून चार-सहा पीस वेगवेगळ्या थरांतून उचलायचे, वरचेच उचलायचे नाहीत. आधी काच पांढऱ्या कागदावर ठेवून कडेने, डोळ्याच्या पातळीत पाहायची. हिरवट झाक दिसली तर ती साधी सोडा-चुन्याची काच. काचेतल्या लोहामुळे तो रंग येतो. कड जवळजवळ रंगहीन असेल तर बहुधा चांगल्या जातीची. मग स्क्रू गेजने जाडी. बाजारात ०.३३ मिलिमीटरचा रिवाज आहे, पण एकाच काचेच्या चार कोपऱ्यांना जाडी सारखी येते का ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

त्यानंतर कापूस. कापसाचा सैल पेळू कडेवरून चारी बाजूंनी फिरवायचा, स्पीकर आणि कॅमेऱ्याच्या कापलेल्या जागीही. जिथे तंतू अडकतो तिथे कड नीट घासलेली नाही, म्हणजे डोळ्याला न दिसणारा टवका आहे. काच फुटते ती जवळपास नेहमी अशाच टवक्यापासून सुरू होते. गिऱ्हाईक म्हणतं, “फोन पडलासुद्धा नाही, कोपऱ्यातून तडा कसा गेला?” त्याचं उत्तर कापसाने आधीच दिलेलं असतं. सगळ्यात शेवटी डोळ्याला चष्मा लावून काच दोन्ही हातांनी हळूहळू वाकवायची. हे मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी कधीच करू दिलं नाही. तुटलेल्या पातळ काचेचा कण डोळ्यात जाणं ही गमतीची गोष्ट नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कोटिंगने. चांगल्या काचेवर फ्लोरिनयुक्त संयुगाचा अतिशय पातळ थर असतो. बोटांचे तेलकट डाग त्याच्यामुळे कमी बसतात आणि बोट सहज सरकतं. बरे कारखाने तो निर्वात पेटीत चढवतात, स्वस्तवाले फवारतात. काचेवर पाण्याचा थेंब टाका. थेंब टपोरा, गोल उभा राहिला तर कोटिंग आहे. पसरला तर नाही. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण फवारलेलं कोटिंगही पहिल्या दिवशी थेंब उभा करतंच. खरी परीक्षा पुढे. पेन्सिल खोडायचा रबर घेऊन एकाच जागी भरपूर घासायचं आणि मग त्याच जागी पुन्हा थेंब टाकायचा. कारखान्यांत हेच काम बारीक स्टील वूल आणि यंत्र करतं. कच्चं कोटिंग रबराच्या घासण्याने उतरतं आणि थेंब चपटा होतो. कायमच्या शाईचा मार्कर हाही चांगला साक्षीदार आहे. कोटिंग असेल तिथे शाई आकसून बारीक ठिपके होतात आणि कोरड्या कापडाने निघून जातात.

पावसाळ्यात हा फरक पोटावर येतो. जेवण पोहोचवणारी मुलं फोन दुचाकीच्या हँडलला लावून भर पावसात फिरतात. काचेवर पाण्याचा सलग थर पसरला की स्क्रीन भलत्याच ठिकाणी स्पर्श झाल्यासारखी वागते. नकाशा सरकतो, ऑर्डर चुकून बंद होते. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाने हे स्वतःच ओळखलं होतं. काउंटरवर आला की आधी म्हणायचा, “भाऊ, पाणी टाकून दाखवा.” जूनच्या सुरुवातीला त्याचे सगळे सहकारी तोच प्रश्न विचारत आले. तेव्हापासून पावसाळ्याआधीच्या खरेदीत रबराची चाचणी दुप्पट पिसांवर करायची, असं आम्ही ठरवलं.

गोंदाची, म्हणजे काच आणि स्क्रीन यांच्यामध्ये काय राहतं त्याची गोष्ट मात्र थेट जगाच्या बातमीपर्यंत जाते. सॅमसंगचा गॅलेक्सी एस१० हा फोन २०१९ मध्ये आला, तेव्हा स्क्रीनखाली ध्वनिलहरींनी बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर त्याचं मोठं आकर्षण होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रिटनमधल्या एका महिलेच्या लक्षात आलं की स्वस्तातलं जेलचं आवरण लावल्यापासून आपला फोन नवऱ्याच्या अंगठ्यानेही उघडतो. कंपनीने तपास केला. काही सिलिकॉन आवरणांच्या आतल्या बाजूला उठावाची नक्षी होती आणि सेन्सर ती नक्षीच बोटाच्या ठशाबरोबर ओळखत होता. कंपनीने सॉफ्टवेअर दुरुस्त करून दिलं. तोवर दक्षिण कोरियातल्या काकाओबँकेने ग्राहकांना ठशाची सोय बंद ठेवायला सांगितलं होतं. एका किरकोळ किमतीच्या आवरणाने बँकांना दखल घ्यायला लावली.

ही बातमी आली त्या आठवड्यात आम्ही गोदामातली सगळी जेलची आवरणं काढून उजेडात धरून पाहिली. तेव्हापासून आतल्या बाजूला ठिपक्यांची नक्षी असलेला माल अशा फोनसाठी ठेवणं बंद केलं. आजही मी सांगतो, काच बसवल्यावर बोटाचा ठसा नव्याने नोंदवण्याआधी काचेखाली हवा किंवा नक्षी राहिलेली नाही ना, ते पाहून घ्या. ध्वनिलहरींच्या सेन्सरला तर मध्ये हवेचा थर अजिबात चालत नाही, म्हणून फक्त कडेला गोंद असलेली काच त्या फोनला लावूच नये. पूर्ण पृष्ठभागावर सिलिकॉनचा गोंद असलेली घ्यावी. चांगल्या गोंदाची खूण सोपी आहे. काच स्क्रीनवर टेकवून मधोमध एकदा बोट दाबलं की गोंद आपला आपण कडांपर्यंत पसरत जातो. जुन्या एटीएम कार्डाने रगडत बसावं लागलं तर गोंद वाळलेला किंवा हलका आहे.

वळलेल्या स्क्रीनसाठी पातळ गोंद ओतून अतिनील दिव्याखाली सुकवायची पद्धत आहे. ती बरोबर जमली तर दिसायला सुरेख, पण गोंद स्पीकरच्या जाळीत आणि बटणांच्या फटीत झिरपतो. फोन दुरुस्त करणाऱ्या मित्रांच्या टेबलावर असे मुके झालेले फोन मी इतके पाहिले आहेत की ही काच बसवून द्यायला मी ठाम नकार देतो.

बाजारातला बहुतेक माल अजून चीनमधूनच येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये नोएडात ऑप्टिमस इलेक्ट्रॉनिक्सने कॉर्निंगच्या साथीने मोबाइलच्या टेम्पर्ड ग्लासचा कारखाना सुरू केला, तेव्हा गल्लीत त्याची चर्चा झाली. मला त्याचा आनंद आहे. कढई आपल्या देशात असेल तर मीठ कधी बदललं हे विचारता तरी येईल.

आणि लॉट नापास झाला तर काय करायचं? सगळाच फेकायचा का? एकदा एक मोठा लॉट आला. कड उत्तम, वाकवण्यात पक्का, गोंद सरसर पसरणारा, पण रबराने घासताच कोटिंग साफ गेलं. पुरवठादार परत घ्यायला तयार नव्हता. आम्ही भाव कमी केला, प्रत्येक पिशवीवर ‘कोटिंग टिकणार नाही, पावसात वापरू नका’ असं लिहिलं आणि वेगळ्या टोपलीत ठेवलं. गल्लीतल्या लोकांनी वेड्यात काढलं. तो लॉट इतर मालाच्या आधी संपला. एका शाळेतल्या बाईंनी सगळ्या सहकाऱ्यांसाठी एकदम घेतल्या. “आमचे फोन दिवसभर पर्समध्येच असतात,” त्या म्हणाल्या, “आम्हाला फक्त पडल्यावर वाचणारी काच हवी.” त्यांच्यासमोरच टोपलीतली एक काच उचलून मी तिच्या कडेवरून कापूस फिरवून दाखवला आणि मग बाकीच्या मोजून दिल्या.